काडी न ओढणारं घड्याळ

चिंचवड स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर सयाजीरावांचं वर्कशॉप होतं. विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी तिथं बनत. साल असेल छप्पन, नाहीतर सत्तावन्न. आजूबाजूला ज्वारीची शेतं, बाभळी, आणि मधेच एखाद्या नव्या कारखान्याचं कुंपण, कुणी दुसऱ्याच्या पंक्तीत येऊन बसावं तसं.

मोटारीच्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, त्यांना तिथं सगळे कॉइल म्हणत. कॉइल व्हार्निशात बुडवायची, निथळायची आणि मग भट्टीत सात-आठ तास भाजायची. कच्ची राहिली तर मोटार पहिल्याच उन्हाळ्यात जळणार, जास्त भाजली तर व्हार्निशला तडे जाणार. ही भट्टी शालनबाईच्या ताब्यात होती. ताब्यात म्हणजे कागदावर नव्हे. कागदावर ती 'मदतनीस' होती. कुणाची मदतनीस, ते कागदानं कधी सांगितलं नाही, कारण भट्टीपाशी तिच्याशिवाय दुसरं कुणी उभंच राहत नसे.

शालनबाई काळेवाडीची. पवनेच्या काठाला सासऱ्याची जमीन होती, वांगी-मिरची निघायची. त्यातली अर्धी एका कारखान्यासाठी गेली. कागद वाचून दाखवला, सासऱ्याचा अंगठा घेतला, गूळ वाटला आणि साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. त्या जमिनीत वाकून वाकून जिची कंबर गेली तिला कुणी विचारलं नाही. ती तेव्हा दारात उभी होती, हातात खुरपं होतं. पुढे कधी तो विषय निघाला की ती एवढंच म्हणायची, "गूळ बरा व्हता." पण म्हणताना तिच्या तोंडाची चव गुळाची नसायची.

उरलेली अर्धी नवरा, ज्योतीराम, करू लागला आणि शालनबाई नदी ओलांडून सयाजीरावांकडे कामाला आली.

भट्टी म्हणजे विटांचं एक कपाटच. त्याला दोन कप्पे, डावा आणि उजवा, आणि दोन्हीच्या खाली एकेक गॅसचा हिटर. हे हिटर लढाई संपल्यावर देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणलेले. इंग्रजानं ते कशासाठी वापरले देव जाणे, पण वापरून वापरून पार झिजवून मगच ठेवून गेला. गॅस यायचा मागच्या पत्र्याच्या खोलीतल्या टाकीतून. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारगाड्यांच्या पाठीला कोळशाच्या टाक्या लावत, तसली ती टाकी. भैरू नावाचा मावळातला वयस्कर गडी सकाळी तिच्यात लोणारी कोळसा पेटवायचा, भाता चालवायचा, आणि अर्ध्या तासानं नळीतून गॅस यायला लागायचा. तो गॅस काही गुणी नव्हता. कधी जोरात यायचा, कधी धापा टाकत, कधी बरोबर काजळी घेऊन. न पेटता खोलीत पसरला तर आधी डोकं धरायचं, मग डोळ्यांपुढे अंधारी, आणि वर कुणी काडी ओढली तर भडका.

तो भडका शालनबाईनं पहिल्याच वर्षी पाहिला होता. ज्योत विझलेली तिला कळली नाही, तिनं काडी ओढली. डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि दोन्ही भुवया गेल्या. सासू बघायला आली नि म्हणाली, "चला, कुकवाला जागा वाढली." हसू आलं सगळ्यांना. शालनबाईलाही आलं. पण त्या दिवसापासून ज्योतीचा आवाज तिच्या कानात बसला. तारा गुंडाळता गुंडाळता, पाठ करून, शेजारी बसून तारा गुंडाळणाऱ्या अंबूबाईशी गप्पा मारतानासुद्धा तिला कळायचं की उजवी ज्योत दमलीय.

आणि उष्णता किती झाली ते ती खोबऱ्यानं बघायची. घरून सुक्या खोबऱ्याची वाटी आणायची, पातळ काप काढायचे, आणि दाराच्या लहानशा खिडकीतून एक काप कप्प्यातल्या पत्र्यावर सारायचा. जात्यावरच्या दोन ओव्या मनात म्हणायच्या. काप तांबूस झाला तर भट्टी बरोबर. पांढराच राहून नुसता तेलकट झाला तर कमी. कडा काळ्या झाल्या तर चावी फिरवून गॅस कमी करायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मसाल्याचं खोबरं भाजणाऱ्या बाईला ते शिकवावं लागत नाही.

फोरमन सोपानरावांना मात्र ते बघवत नसे. सोपानराव पुण्यात कुठल्या तरी संस्थेत दीड वर्ष शिकून आलेले, खिशाला दोन पेनं, आणि बोलण्यात दर तीन शब्दांमागं एक इंग्रजी.

"शालनबाईच्या भट्टीत कॉइलपेक्षा खोबरं जास्त भाजतं," ते पाहुण्यांना सांगत. "संध्याकाळी नुसती चटणी करायची बाकी."

"खोबरं माज्या घरचं हाय, सोपानराव," ती म्हणायची. "चटणीला लसूण तेवडा कंपनीचा द्या."

त्या उन्हाळ्यात पाच मोटारी जळून परत आल्या. सोपानरावांनी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि सयाजीरावांना सांगितलं, "हे सगळं अंदाजपंचे कामाचं फळ." आता खरी गोष्ट अशी की त्या मोटारींच्या कॉइली गिऱ्हाईक दारात बसलंय म्हणून चार तासांतच भट्टीतून बाहेर काढायला लावल्या होत्या, आणि त्या काढायला लावणारे सोपानरावच होते. शालनबाईनं तेव्हा दार धरून ठेवलं होतं. "कच्च्या हायत," म्हणाली होती. "गरम आहेत ना? मग झाल्या," असं म्हणून त्यांनी दार उघडलं होतं. तो दिवस अंबूबाईला आठवत होता, भैरूला आठवत होता. सोपानरावांना मात्र आठवत नव्हता. शिकलेल्या माणसाला हवं तेव्हा विसरता येतं, ही एक सोय असते.

सयाजीराव माणूस वाईट नव्हता. पण समोर जो शेवटचं बोलेल त्याचं त्यांना पटायचं, आणि शेवटचं बोलायला शालनबाईला त्यांच्या खोलीत कधी कुणी बोलवत नसे.

तर असं ठरलं की भट्टीला थर्मोस्टॅट, म्हणजे उष्णता आपोआप राखणारं यंत्र, लावायचा. पुण्याहून दुकानदार दोन खोकी घेऊन आला आणि सयाजीरावांच्या टेबलावर ती उघडली. दाराबाहेर कॉइलींची टोपली घेऊन शालनबाई उभी होती, तिनं मान वाकडी करून पाहिलं.

पहिलं यंत्र काय देखणं होतं. निकेलचा मुलामा, मधे पांढरं घड्याळ, घड्याळाच्या कडेला भोकं, भोकांत बसवायचे छोटे खिळे. ज्या वेळेला गॅस सुरू व्हायला हवा तिथं लाल खिळा, बंद व्हायला हवा तिथं काळा. उष्णता किती हवी त्याचा काटा वेगळा. एकदा लावून दिलं की यंत्रानं आपलं आपण बघायचं. दुसऱ्यालाही घड्याळ नि खिळे होते, पण ते काळं, ओतीव लोखंडाचं, ओबडधोबड.

"दोघांत फरक काय?" सयाजीरावांनी विचारलं.

"उष्णता भरली की हे पहिलं गॅस साफ बंद करतं," दुकानदार म्हणाला. "उतरली की पुन्हा सोडतं. दुसरं साफ बंद करत नाही, बारीक ज्योत राखतं. जुना मेक आहे."

"मग प्रश्नच नाही," सोपानराव म्हणाले. "पहिलं. फुल कंट्रोल. कोळसा वाचेल. आणि भट्टीपाशी माणूस लागणार नाही. शालनबाईंना झाडलोटीला घेता येईल."

शालनबाईनं टोपली खाली ठेवली. आत गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून दारातच थांबली.

"म्या एक इचारू का?"

सयाजीरावांनी मान हलवली.

"ते साफ बंद करतंय म्हंता. मग पुन्यांदा गॅस सोडल्यावर पेटवनार कोन?"

"यंत्र," सोपानराव म्हणाले.

"घड्याळाला काडी वढता येती?"

दुकानदार हसला. सोपानरावांनी पेन काढून टोपण उघडलं. "बाई, याला पायलट म्हणतात. शेजारी एक छोटी ज्योत कायम जळते, तिच्यावर मोठी पेटते. नवीन हिटरना असतेच."

"आपल्या हिटरला कुठं हाय?"

"नळी काढून करून घेऊ. तुम्ही काळजी करू नका."

"नळी केवड्या भोकाची?"

"सुईएवढी पुरते."

"आन् भैरूच्या टाकीतली काजळी त्या भोकातून जानार?"

यावर सोपानराव म्हणाले एवढंच, "शालनबाई, त्या कॉइली निथळल्या का बघा जरा." ती बाहेर आली. अंबूबाई दारामागंच होती.

"काय म्हनले?"

"म्हनले, निथळल्या का बघ."

"मग?"

"मग काय? माज्या पायाखालची जिमीन इकली तवाबी असंच व्हतं. फरक एवडाच की तवा गूळ दिला व्हता."

दुकानदारानं दोन्ही यंत्रं आठ दिवस पसंतीवर ठेवली. सोपानरावांनी देखणं तेवढं बाहेर काढून डाव्या कप्प्याला बसवलं, काळं खोक्यातच राहिलं. सुईएवढ्या भोकाची नळी केली. आणि लाल खिळा लावला सहाच्या भोकात, म्हणजे आठाला माणसं येईपर्यंत भट्टी तयार.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता भट्टी थंडगार. यंत्रानं सहाला इमानदारीत गॅस सोडला होता, पण टाकीत गॅसच नव्हता, कारण टाकीतला कोळसा भैरू साडेसातला येऊन पेटवायचा. सगळ्या वर्कशॉपला रोज ठाऊक असलेली गोष्ट, पण ठरवताना एकाच्याही ध्यानात आली नाही, कारण भैरू मागच्या खोलीत असतो आणि मागच्या खोलीत ठरवणारं कुणी जात नाही.

"भैरू, उद्यापासून साडेपाचला ये," सोपानराव म्हणाले.

भैरूनं मुंडासं सारखं केलं. "म्हंजी घड्याळासाठी मी कोंबड्याच्या आदी उठायचं. घड्याळ कशासाठी आनलं मग?"

सोपानरावांनी ते ऐकलं नाही. लाल खिळा गुपचूप आठावर सरकवला.

तिसऱ्या दिवशी जे व्हायचं ते झालं. दुपारची भाकरी खाऊन बाया परत बसल्या होत्या. डावा कप्पा भरून तापला, यंत्रानं टक् आवाज करून गॅस बंद केला. ठीक. पण काजळीनं सुईचं भोक कधीच बुजलं होतं आणि छोटी ज्योत विझलेली होती. कप्पा जरा निवला, पुन्हा टक् झालं, गॅस सुटला. पेटला नाही. भट्टीला लागून बसलेली अंबूबाई म्हणाली, "शालने, माजं डोकं का गं धरलं?"

शालनबाईचे हात थांबले. उजवीकडून ज्योतीचा आवाज येत होता. डावीकडून नुसता वारा.

तेवढ्यात सोपानराव आले. काट्याकडे पाहून म्हणाले, "ज्योत गेलेली दिसते," आणि खिशातून काड्यापेटी काढून, दार किलकिलं करून खाली वाकले. शालनबाई उठली कधी आणि पोचली कधी ते कुणाला सांगता आलं नाही. तिनं त्यांच्या हातावर असा फटका मारला की काड्यापेटी पाण्याच्या पिंपात जाऊन पडली. मग गॅसची चावी बंद केली, अंबूबाईला काखेत धरून ओढत बाहेर कडुनिंबाखाली नेलं आणि भैरूला ओरडून दोन्ही दारं सताड उघडायला लावली.

सोपानराव मागोमाग बाहेर आले. मनगट चोळत. आणि काय म्हणाले असतील? आभार? छे. "फोरमनच्या अंगावर हात टाकता? सगळ्यांदेखत?"

शालनबाईनं चोळीची बाही वर सरकवली आणि डावा हात त्यांच्या पुढे धरला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जुन्या कागदासारखी चुरगळलेली.

"ह्ये बगा. माज्या अंगावर कुनी हात टाकला न्हवता त्या येळी. टाकला असता तर बरं झालं असतं."

अंबूबाईनं तिथंच ओकारी केली. 

सयाजीराव आले तेव्हा शालनबाई भट्टीच्या उंबऱ्यावर बसली होती, आणि उठायचं लक्षण नव्हतं.

"नळी साफ केली की झालं, मालक," सोपानराव सांगत होते. "मेंटेनन्सचा प्रश्न आहे. मशीनमध्ये दोष नाही."

"शालनबाई, काय म्हणता?" सयाजीरावांनी विचारलं. पाच वर्षांत पहिल्यांदा.

विचारल्यावर तिला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो रागच. पाच वर्षं ती या दारात होती, आणि विचारायला अंबूबाईचं डोकं गरगरावं लागलं.

"मी काय म्हनू? मला वाचाया येत न्हाई. पन उद्या दोनी यंत्रं लावा. डाव्याला ह्यांचं देखनं, उजव्याला त्ये काळं. दिवसभर चालवा. उजवं मी पेटवीन. डावं सोपानरावांनी पेटवायचं, सोताच्या हातानं. इझलं की पुन्यांदा त्यांनीच. दुसऱ्या कुनी न्हाई. मग जे ठरवायचं ते ठरवा. मी झाडलोट करीन, माजी ना न्हाई."

सयाजीरावांनी सोपानरावांकडे पाहिलं. सगळं वर्कशॉपच पाहत होतं. असल्या वेळी 'नको' म्हणायला दोन पेनं पुरत नाहीत.

दुसरा दिवस. भैरूनं टाकी पेटवली. शालनबाईनं उजवी ज्योत लावली, काळ्याचा काटा अंदाजानं मधोमध ठेवला, खोबऱ्याचा काप सारला. पांढराच राहिला. काटा थोडा पुढे. दुसरा काप, दोन ओव्या. तांबूस. तिनं व्हार्निशच्या कुंच्यानं काट्यापुढे तांबडा ठिपका दिला आणि तारा गुंडाळायला बसली. भट्टी भरली की काळं यंत्र ज्योत खाली आणायचं, गव्हाच्या दाण्याएवढी निळी ठेवायचं, आणि निवली की पुन्हा फुलवायचं. बंद म्हणून नाही.

डावीकडे सोपानरावांनी साडेआठला काडी ओढली. सव्वादहाला ज्योत गेली. त्यांनी चावी बंद केली, दार उघडलं, पुठ्ठ्यानं वारा घालून गॅस घालवला, पाव तास थांबले, नळीचं भोक सुईनं टोकरलं, आणि पुन्हा काडी ओढायला वाकले. वाकताना तोंड इतकं मागं घेतलं होतं की हात ज्योतीपर्यंत पोचेना.

"आनखी जवळ या," शालनबाई जागेवरूनच म्हणाली. "असं लांबून न्हाई पेटत. मी रोज पेटवते ना."

साडेअकराला पुन्हा गेली. या वेळी त्यांनी काडी ओढली तेव्हा बारीकसा फुस् आवाज झाला, उगाच, मांजर शिंकावं एवढा. सोपानराव तीन हात मागे आले. भुवया जागेवर होत्या, पण हात लावून खात्री करून घेतली. भैरू मागच्या दारातून पाहत होता. "हायती, हायती," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही, म्हणजे सोपानरावांच्या तोंडावर तरी नाही.

बाराच्या सुमाराला सोपानराव आपणहून म्हणाले, "हे काढा." कुणी सांगितलं नाही, शालनबाईनं तर नाहीच.

आता इथं गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण आठवड्याअखेर दुकानदार आला तेव्हा सोपानराव टेबलाशी उभं राहून त्याला सांगत होते, "मी दोन्ही मॉडेल टेस्ट केली. आपल्या जुन्या हिटरला आणि आपल्या गॅसला बायपासवालंच, बारीक ज्योत राखणारंच, सूट होतं, हे माझ्या लक्षात आलं. तसलं आणखी एक पाठवा." शालनबाई टोपली घेऊन दारातच होती. कानावर पडलं. अंबूबाई तिच्या दंडाला चिमटा घेऊन म्हणाली, "अगं बोल की. का गप ऱ्हाती?"

शालनबाई बोलली नाही. शहाणपणानं नव्हे. इतकी संतापली होती की जीभ उचलेना. भट्टी तिच्याकडे राहिली होती, झाडलोटीचं नाव निघालं नव्हतं, ज्योत आता विझणार नव्हती. हवं ते सगळं मिळालं होतं. आणि तरीही जमिनीच्या कागदासारखंच हेही दुसऱ्याच्या नावावर चढलं होतं.

दुसरं काळं यंत्र आलं. डाव्या कप्प्याला ते बसवताना सयाजीराव स्वतः भट्टीपाशी आले. सोपानराव त्यांच्यामागे होते. सयाजीरावांच्या हातात लाल खिळा होता आणि ते सरळ शालनबाईकडे वळले.

"शालनबाई, हा कुठल्या भोकात लावू?"

तिनं हातातली तार खाली ठेवली. लुगड्याला हात पुसले. सोपानरावांकडे तिनं एकदा नीट बघून घेतलं, मग सयाजीरावांकडे.

"मला कशाला इचारता," ती म्हणाली. "आदी मागच्या खोलीत जावा आन् भैरूला इचारा, त्यो कोळसा किती वाजता पेटवतोय ते. मग मी सांगते."

सयाजीरावांनी खिळा मुठीत धरला. मग वाकून, पत्र्याच्या बुटक्या दारातून, डोकं जपत मागच्या खोलीत गेले. तिथं जायची त्यांची ती पहिलीच वेळ होती.